गव्याच्या पिल्लाला शिकवलेली हाक

लहान मुलं मला मुळात आवडत नाहीत. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर हे मी ठामपणे सांगू शकते. त्यांचे आईबाप आवडत नाहीत, हे त्याहून ठामपणे. तरीही निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी दहा वाजता मी कोल्हापूरबाहेरच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात पत्र्याच्या शेडखाली बसायचे आणि चाळीसेक पोरांना प्राण्यांच्या गोष्टी वाचून दाखवायचे. तिथल्या साहेबांची मुलगी माझी विद्यार्थिनी. साहेबांनी फोन केला, "मॅडम, चित्रांची पुस्तकं आहेत, तुमच्यासारखं कोणीतरी हवंय." मी नाहीच म्हणणार होते. पण माझी सून शेजारी उभी होती. ती इतक्या उत्साहानं "जावा की आई, जावाच तुम्ही" म्हणाली, की मला राग आला आणि त्या रागातच मी हो म्हणून बसले.

पुस्तकं बघून पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. जाड गुळगुळीत कागद, गोल कोपरे आणि आत गळ्यात मफलर घातलेला पेंग्विन. प्रत्येक पुस्तकात कोणीतरी एकटं असायचं आणि शेवटच्या पानावर त्याला मित्र मिळायचा. सिंह सशाला मिठी मारत होता. कोल्हा कोंबडीला वाढदिवसाचा केक देत होता. हे वाचत असताना पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "मग त्यानं तिला खाल्ली कवा?" त्याच्या घरी कोंबड्या असणार. त्या पोराचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्याच्या आईनं मात्र त्याला चिमटा काढला आणि माझ्याकडं बघून दात काढले.

पालक शेडच्या मागं उभे राहायचे आणि सगळा वेळ फोन वर धरायचे. गोष्ट ऐकायला पोरगं, दाखवायला पोरगं, आणि स्वतः मात्र तासभर वेफर्स खायचे. एकदा गोष्ट संपवून येताना बघितलं, तर एक बाप सापाच्या काचेवर गाडीच्या किल्लीनं टकटक करत होता. साप हलत नव्हता म्हणून याला वैताग आलेला. मी म्हटलं, "अहो, तुमच्या न्हाणीघराचं दार मी असंच बडवत उभी राहिले तर चालेल का?" आजूबाजूचे हसले. तो तणतणला, "तिकीट काढून आलोय मॅडम." मी त्याला म्हटलं, तिकिटावर साप नाचेल असं कुठं लिहिलंय ते दाखवा. तो गेला. असा एकेक जण पिटाळून लावला की मला दिवसभर बरं वाटायचं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढं आहे.

त्या पेंग्विनाला कंटाळून मी स्वतःच एक पुस्तक केलं. चित्रकलेच्या बारा कागदांवर रंगवून एका कडेला दोऱ्यानं शिवलं. गोष्ट रेडकाची. उचगावात माझ्या वडिलांच्या अकरा म्हशी होत्या. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं बांधतात आणि रस्त्यानं पळवतात. बाकीचे लोक मोटारसायकल पुढं काढतात आणि म्हैस तिच्या मागं पळते. वडील मोटारसायकलवर बसायचे नाहीत. ते रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन नुसते उभे राहायचे आणि हाक मारायचे. म्हैस गर्दी कापत थेट त्यांच्यापुढं येऊन थांबायची. त्या हाकेत शब्द नव्हते. पोटातून एक लांब हुंकार, मग जीभ टाळूवर दोनदा आपटायची आणि पुन्हा हुंकार, पण आखूड. प्रत्येक घराची हाक वेगळी. दुसऱ्याच्या हाकेला आमच्या म्हशी कानसुद्धा हलवायच्या नाहीत. वडिलांनी ती हाक भावाला शिकवली नाही, मला शिकवली. भावाचा आवाज पातळ होता. या गोष्टीचा मला आजही गर्व आहे आणि भावाला आजही राग आहे.

तर पुस्तकातलं रेडकू उसात शिरतं, वाट चुकतं, मालक शोधत फिरतो. अकराव्या पानावर तो तोंडाला दोन्ही हात लावून उभा आहे. तिथं मी थांबायचे, पोरांना हाक शिकवायचे आणि सगळ्यांनी एकदम हाक मारली की मगच बारावं पान उलटायचं. बाराव्या पानावर रेडकू येतं. मित्रबित्र काही नाही. मालक त्याला दावं बांधतो आणि घरी नेतो.

शेडच्या पाठीमागं, दहा-बारा पावलांवर, हिरवी शेडनेट बांधलेलं एक मोठं कुंपण होतं. त्याच्या आत गव्याचं पिल्लू आहे, एवढं मला ठाऊक होतं. आदल्या थंडीत उचगावच्या बाजूला उसात एक गव्याची मादी पिल्लाला घेऊन शिरली होती. गवा आला म्हटल्यावर आमच्या लोकांनी जे करायचं तेच केलं. फोन काढून, शिट्ट्या मारत, पाचशे माणसं रानात उतरली. मादी बिथरून हायवे ओलांडून गेली आणि पिल्लू तारेत अडकलं. त्या शिट्ट्या मारणाऱ्यांत आमच्या भावकीतली पोरं होती आणि पुढं वर्षभर मी त्यांच्या घरी पाणी प्यायले नाही. पिल्लाची आई काही परत आली नाही. ठरलं असं, की पिल्लाला इथं वाढवायचं, पण माणसाची सवय लागू द्यायची नाही. मोठं झालं की दाजीपूरच्या बाजूला जंगलाच्या कडेला मोठ्या कुंपणात सोडायचं आणि तिथून आत जंगलात.

हे काम मामांकडं होतं. मामा म्हणजे तिथले पिंजऱ्यांवरचे सगळ्यात जुने माणूस, मुरगूडकडचे, कोणाशी धड न बोलणारे. साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. त्या कुंपणात शिरताना ते डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शेणानं माखलेलं पोतं ओढून घ्यायचे. दुधाची बाटली पोत्याला पाडलेल्या भोकातूनच पुढं सरकवायची, म्हणजे पिल्लाला हात दिसायला नको, तोंड दिसायला नको. आत असताना ते खोकतसुद्धा नसत. पिल्लू आजारी पडलं तेव्हा म्हणे चार दिवस ते त्याच्या शेजारी पोत्यात बसून होते आणि चार दिवसांत एक शब्द बोलले नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला ते फक्त एक घाणेरड्या पोत्यातले खडूस गृहस्थ वाटायचे, जे माझ्या शेडसमोरून जाताना पोरांकडं बघून कपाळाला आठ्या घालायचे. तेवढं मात्र मला पटायचं.

पहिल्या रविवारी माझं रेडकाचं पुस्तक वाचलं तेव्हा चाळीस पोरांनी बेंबीच्या देठापासून हाक मारली. मी पान उलटलं. पोरं ओरडायची थांबली. आणि त्या शांततेत शेडनेटच्या मागं खुरांचा आवाज आला. आधी लांबून, मग पळत, मग अगदी नेटच्या पलीकडं येऊन थांबला. नाकातून सोडलेला श्वास ऐकू आला. म्हशीचा श्वास मला कळतो. हा तसाच होता, जरा जड. पोरं जागच्या जागी थिजली. मग एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, आलं."

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांच्या हाकेला कोणी आलं, हे मी तितक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. काय होतंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नाही असं मी कोणालाही सांगितलं तर ते खोटं आहे.

गोष्ट संपल्यावर मामा आले. पोतं काढून हातात धरलेलं. अंगाला वास.

"बाई, ती हाक मारू नगासा," ते म्हणाले.

"गोष्टीतली हाक आहे ती. रेडकाची."

"त्येला काय कळतंय रेडकाची का कुणाची. धा महिने मी तोंड उघडलं न्हाय तितं."

"मग आताच कशाला उघडताय?" मी म्हटलं.

मला वाटतं ते वाक्य मी चांगलं फेकलं होतं. मागं उभ्या असलेल्या दोन आया खुसखुसल्या. मामांनी माझ्याकडं बघितलं, पोतं खांद्यावर टाकलं आणि गेले. पुढच्या रविवारी ते गोष्ट सुरू व्हायच्या आधीच आले आणि पोरांसमोरच म्हणाले, "ह्ये शेड सोडा. तिकडं गेटापाशी बसा जावा." मी म्हटलं, गेटापाशी ऊन आहे. ते म्हणाले, "उन्हात काय वितळत्यात व्हय पोरं?" एरवी हेच वाक्य मी कोणाला तरी ऐकवलं असतं. पण मला कोणी उठवायचं म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाते, ही माझी जुनी खोड आहे. शाळेत तीन मुख्याध्यापकांनी तिचा अनुभव घेतला आहे. मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, तुमचा माणूस पाहुण्यांशी कसा बोलतो ते बघा, नाहीतर दुसरी कोणी वाचणारी शोधा.

साहेबांना वाचणारी घालवायची नव्हती. रविवारची गर्दी वाढली होती, त्यांना ती फोटोंत दिसत होती. त्यांनी मामांना लेखी ताकीद दिली. ताकिदीच्या कागदावर मामांनी सही केली तेव्हा मी खोलीतच होते आणि चहा पीत होते. चहा छान होता.

त्यानंतर मी थांबायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. मी उलट दर रविवारी तेच पुस्तक वाचायला लागले. पोरंही दुसरं काही ऐकून घेईनात. पेंग्विन कपाटात गेला. हाक मारली की खुरं यायची आणि मी मामांच्या दिशेनं बघायचे. ते असतील तिथं, केळी कापत असतील नाहीतर हौद घासत असतील, माझ्याकडं पाठ करून.

एका रविवारी कागलचे एक आजोबा नातवाबरोबर आले. येताना त्यांनी उसाच्या वाड्याची एक पेंढी आणलेली, म्हशीला घालतात तसा शेंड्याचा हिरवा पाला. "आपली हाक ऐकून येतंय आन् रिकामं जातंय, बरं दिसत न्हाय बाई," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही वावगं आहे असं तिथं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही. हाकेला जनावर आलं की त्याच्यापुढं काहीतरी टाकायचं, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. नेटची खालची दोरी कोणीतरी सैल केली. पोरांना वाडं नीट सरकवता येईना, तेव्हा ते मोडून लहान लहान तुकडे करून मीच दिले.

तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसलं. गवा म्हटल्यावर मनात काळा डोंगर असतो. हे कॉफीच्या रंगाचं होतं, कान मोठे, पायांवर पांढरे मोजे नुकते दिसायला लागलेले. जीभ बाहेर काढून त्यानं वाडं ओढलं आणि चावत चावत आमच्याकडं बघत राहिलं. आमच्या अकरा म्हशींत इतकं देखणं एकही नव्हतं.

साहेबांच्या डोक्यात मग त्याचं बारसं करायची टूम आली. मुलांनी नावं सुचवायची, चिठ्ठी काढायची. मी कडाडून विरोध केला. रानातलं जनावर आहे, त्याला कसलं नाव ठेवताय, असं मी त्यांना भर शेडमध्ये सुनावलं. बारसं रद्द झालं. नाव ठेवू दिलं नाही म्हणून मी स्वतःवर फार खूश होते. हाकेचं काय, असं मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दसऱ्यापर्यंत अशी वेळ आली, की रविवारी दहा वाजता मी शेडमध्ये चटई टाकत असे आणि ते नेटपाशी येऊन उभंच असे. हाकेची गरजही उरली नव्हती.

थंडीला सुरुवात होताना साहेबांचा फोन आला. पिल्लू पुढच्या आठवड्यात जंगलाकडं जाणार, गुरुवारी वन खात्याची माणसं तपासणीला येणार, म्हणून रविवारी गोष्ट नाही. मग जरा थांबून म्हणाले, "आणि मॅडम, तुम्ही गुरुवारी यायची काही गरज नाही. आपल्या रविवारचं त्यांच्यापुढं काढायला नको." ज्या दिवशी मला येऊ नका म्हणतात त्या दिवशी मी जाते. गुरुवारी नऊ वाजताच मी तिथं हजर होते.

तपासणी साधी होती. माणूस बघून जनावर पळायला हवं. आलेल्या अधिकारी बाई तिशीतल्या होत्या. बुटांना चिखल, बोलणं कमी, त्यामुळं मला त्या बऱ्या वाटल्या. नेट एका बाजूनं खाली केली. आधी त्या एकट्या कुंपणाजवळ चालत गेल्या. पिल्लानं मान वर केली, नाक फुरफुरवलं आणि वळून थेट पलीकडच्या कोपऱ्यात पळालं. मग दोन माणसं दुसऱ्या बाजूनं आत गेली. तेव्हाही पळालं. एकानं गवत पुढं केलं, ते आलं नाही. बाटली दाखवली तरी आलं नाही. मामा माझ्यापासून थोडे दूर, खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी बघितलं. हसू म्हणता येणार नाही. पोरगं परीक्षेला बसवलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता, पोराला उत्तरं येतायत हे दिसणाऱ्या माणसाचा.

"छान वाढवलंय तुम्ही," अधिकारी बाई त्यांना म्हणाल्या. कागद काढला. साहेब पेन घेऊन पुढं झाले.

मी गप्प उभी होते. गुरुवार होता, पोरं नव्हती, वाडं नव्हतं, मी नवऱ्याचं जुनं जाकीट घातलेलं आणि मागं उभी होते. त्यानं मला ओळखलं नव्हतं. मी तोंड उघडलं नाही की झालं. ते जाणार, मोठं होणार, माझ्या हाकेचं कोणाला कधी कळणार नाही. मला वाटलं, सुटलो दोघंही.

मामा माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हाक मारा."

"वेड लागलंय का? जाऊ दे की त्याला. तुम्हालाच तर हवं होतं."

"जंगलाच्या कडंला वाड्या हायत. रोज सांजंला माणसं म्हशी हाकारत्यात. ह्ये जाणार तितं."

"आमची हाक फक्त आमच्या घराची आहे. दुसऱ्याच्या हाकेला नाही जायचं ते."

"त्ये म्हशीला कळतंय," मामा म्हणाले. "ह्येला हाक म्हंजे वाडं, येवढंच ठावं हाय. कुणीबी हाकारलं तरी ह्ये दारात जाऊन हुबं ऱ्हाणार. गवा आला म्हणून लोकं काठ्या घिऊन उठणार. तुमी बगितलंय की उचगावात."

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा त्यांना.

"माझं कोण ऐकतंय? माझ्या नावावर ताकीद हाय. खडूस माणूस, बाईंचा राग काढतोय म्हणतील."

ते मोठ्यानं बोलले नाहीत, टोमणाही मारला नाही. मारला असता तर मला भांडता आलं असतं.

मी पुढं झाले. अधिकारी बाईंना म्हटलं, जरा थांबा, एक राहिलंय. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की एरवी तेवढ्यानंच मी पेटले असते. मी हाक मारली. पण खरी नाही मारली. मुद्दाम वरच्या सुरात, भावासारखी पातळ, जीभ एकदाच आपटून. कोपऱ्यातल्या पिल्लाचे कान उभे राहिले. एक पाऊल टाकलं आणि थांबलं.

"हे काय आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "कधीकधी मुलं असं ओरडायची. येत नाहीये ते. बघा, आलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कागदाकडं वळल्या. मामा नुसते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या सासूपासून शाळेच्या तपासणी अधिकाऱ्यापर्यंत कोणापुढंही मी नजर खाली पडू दिलेली नाही. त्या दिवशी पडली.

मग मी जाकिटाची चेन उघडली, वडील उभे राहायचे तशी पाय फाकवून उभी राहिले आणि पोटातून हाक मारली. लांब हुंकार, जीभ दोनदा, आखूड हुंकार. शेवटचा हुंकार संपायच्या आत ते निघालं होतं. कुंपणाची अख्खी लांबी ते पळत आलं, मधे उभ्या असलेल्या माणसांना वळसा घालून. माझ्यासमोर थांबलं आणि जाळीतून तोंड बाहेर काढून माझे हात हुंगायला लागलं. हात रिकामे होते. त्यानं मनगट चाटलं, मग जाकिटाचा खिसा.

अधिकारी बाईंनी पेनाला टोपण लावलं. "किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं. साहेब काहीतरी सांगायला लागले, तेव्हा त्यांना मधेच तोडून मी सगळं सांगितलं. शेड, पुस्तक, वाडं, तक्रार, ताकीद. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही आणि शेवटी रागावल्याही नाहीत. माझ्याकडं न बघता त्या मामांना म्हणाल्या, "नाही सोडता येणार." मामा म्हणाले, "व्हय, म्हायती हाय."

नंतर कोणीतरी सवय मोडता येईल का असं विचारलं, त्यावर त्या म्हणाल्या, अशी सवय मोडलेली त्यांनी तरी बघितलेली नाही. वन खात्याची माणसं निघून गेल्यावर मामांनी शिडी आणली आणि नेटच्या दोऱ्या एकेक करून सोडायला घेतल्या. मी खाली दोरी धरायला गेले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई." मी तरी धरली. त्यांनी वरून दुसरी टाकली नाही. मी बाजूला होईपर्यंत ते शिडीवर तसेच थांबले. मी माफी मागितली की नाही, असं सून अजून विचारते. मागितली. ते "बरं" म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला ठाऊक आहे आणि ते मी इथं लिहिणार नाही.

गोष्टी बंद करते असं मी साहेबांना कळवलं होतं. त्यांनी विनंती केली, एवढा एक रविवार या, लोकांना सांगून मग थांबा. मी गेले. साहेबांच्या तोंडून ते लोकांनी गोड करून ऐकावं, हे मला नको होतं. शेड खच्चून भरलेलं. नेट नव्हती, त्यामुळं पाठीमागं उघड्या कुंपणात ते उभं होतं आणि सगळ्यांचे फोन तिकडं होते. मी बोलायला उभी राहायच्या आधीच साहेबांनी माईक घेतला आणि म्हणाले, आनंदाची बातमी आहे, आपलं लाडकं पिल्लू आता कायमचं इथंच राहणार आहे.

चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या आईबापांनीही वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मी माईक मागितला. सांगितलं, की त्याला जंगलात जायचं होतं, सगळी तयारी झाली होती, आपण हाका मारल्या म्हणून आता त्याला मरेपर्यंत या कुंपणात राहावं लागणार आहे, आणि हे मी केलंय. शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, पोरांना कळेल असं. कोंबडीचा प्रश्न विचारणारं ते पोरगं पुढच्याच रांगेत होतं. ते रडायला लागलं. बाकीची चुळबुळ करत राहिली.

मी चटई गुंडाळत असताना एक आई घाईघाईनं आली. पोरीला पुढं ढकलत मला म्हणाली, "थँक्यू हं मॅडम. तुमच्यामुळं राहिलं ते. हिनं तर जाणार म्हणून जेवण सोडलं होतं."

"होय," मी म्हटलं. "माझ्यामुळंच राहिलं."

"मग एकदा हाक मारा की," ती म्हणाली आणि फोन वर धरला.